शहरासाठी किती सीसीची मोटरसायकल?

मोटरसायकल घेताना बहुतेक जण आधी सीसी विचारतात. रोज सिग्नलला थांबत ऑफिस गाठायचं असेल, तर त्याआधी वजन आणि सीटची उंची बघा. ९७.२ सीसीच्या हिरो स्प्लेंडर प्लसचं वजन साधारण ११२ किलो, रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०चं १९५. हा फरक गाडी पळताना फारसा कळत नाही. गच्च भरलेल्या पार्किंगमधून ती उलटी ढकलत काढताना कळतो. म्हणून शोरूममध्ये गाडीवर बसून स्टँड काढा. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकतात का? इंजिन बंद ठेवून ती चार पावलं मागे घ्या. धाप लागली तर ती गाडी तुमची नाही.

एकट्यानं शहरातच फिरायचं तर १०० ते १२५ सीसी पुष्कळ झाली. मागे कायम कुणी बसणार असेल, अधूनमधून घाट चढायचा असेल, तर १५०-१६०ची घ्यावी. चढावर सारखा गिअर पाडावा लागत नाही. शिवाय १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे. पावसात करकचून ब्रेक दाबला तरी पुढचं चाक जाम होत नाही, आणि माझ्या मते जास्तीचे पैसे मोजायला एवढं एकच कारण पुरेसं आहे. चांगल्या हेल्मेटचे पैसे मात्र आधीच बाजूला काढून ठेवा.