असईचे परमुलखी शिपाई

२३ सप्टेंबर १८०३. केळणा नदीच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही गावं समोरासमोर आहेत, म्हणजे मध्ये उतार असणारच, एवढ्या अंदाजावर ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याने केळणेत फौज घातली. पलीकडून शिंद्यांच्या तोफा धडाडत होत्या. पाण्यात शिरताना एका गोळ्याने त्याच्या हुजऱ्या स्वाराची कवटी उडवली. खोगिराच्या सामानात अडकलेलं धड बसल्या जागी तसंच राहिलं आणि बिथरलेल्या घोड्याला ते ओझं बराच वेळ झटकता येईना. त्या फौजेतल्याच एका अधिकाऱ्याने हे लिहून ठेवलं आहे, पण स्वाराचं नाव लिहिलेलं नाही.

जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, केळणा आणि जुईच्या बेचक्यात, त्या दिवशी पडलेल्यांपैकी कितीतरी जण परमुलखातून पोटासाठी आलेले होते. ७४वी हायलँडर पलटण तर १७८७मध्ये हिंदुस्थानातल्या चाकरीसाठीच स्कॉटलंडात उभी केलेली. वाट चुकलेल्या एका तुकडीमागे ती थेट असई गावाच्या तोफांपुढे गेली. सुमारे पाचशेंपैकी चारशेच्या घरात माणसं ठार किंवा जखमी झाली. त्यांच्याबरोबर मद्रासकडचे देशी शिपाईही होते.

मला मात्र पुनःपुन्हा थांबावंसं वाटतं ते शिंद्यांच्या गोलंदाजांपाशी. महादजी शिंद्यांच्या काळात डी बॉयन या युरोपीय सेनानीने उत्तरेत उभारलेल्या कवायती कंपूंची ही परंपरा. त्यांत अवध-दुआबाकडचे पुरबे मोठ्या संख्येने भरती होत. म्हणजे असईची माती त्यांनाही परकीच. पायदळाची फळी मोडली तरी गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. अंगात संगीन शिरेपर्यंत बत्ती देत राहिले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि पलटण पुढे सरकताच उठून त्यांनी तोफा वळवल्या, तिच्या पाठीवर मारा केला. त्या तोफा इंग्रजांना दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. ही हकीकत त्यांच्या शत्रूंनीच सांगितली आहे, म्हणून ती मला अधिक मोलाची वाटते.

कंपनीने आपला हिशेब नेटका ठेवला: ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. ७४व्या पलटणीला हत्तीचं चिन्ह असलेलं खास निशाण मिळालं. मद्रासच्या पलटणींनाही असईचा हत्ती मिळाला आणि आजच्या भारतीय लष्करातल्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर तो हत्तीच आहे. बंगळुरात असईच्या नावाचा रस्ता आहे. शिंद्यांकडच्या मृतांचा आकडा मात्र वेलस्लीच्या अंदाजातून येतो: रणात सुमारे १२०० प्रेतं. हाती लागलेल्या तोफा त्याने मोजून ९८ लिहिल्या.

कंपूंचा सेनानी पोलमन हॅनोव्हरचा. तो लढाईतून सुखरूप निघाला आणि पुढे कंपनीच्याच चाकरीत शिरला. या लढाईवर आपल्याकडे बोलणं निघालं की ते वेलस्लीच्या धाडसावर किंवा दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसल्यांच्या चुकांवर जातं. माझ्या लेखी असईचा पहिला मान त्या गोलंदाजांचा आहे.