कानातला नंबर आणि माळावरचा ठावठिकाणा

पुणे-बंगळूर महामार्गावरून कागल पंचतारांकित एमआयडीसीत वळलं, की कारखान्यांच्या लांबलचक शेडमधून अधूनमधून मोकळे प्लॉट दिसतात. कागल आणि हातकणंगले तालुक्यांच्या हद्दीवरचा हा मुळात माळ. वसाहतीला लागूनच विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेचं आणि घोंगड्यांचं पट्टणकोडोली आहे. धनगरांच्या या मुलुखात एखादं बकरं (इथं मेंढरालाही बकरंच म्हणतात) कळपातून फुटलं, तर ते सांगायला कानातल्या बिल्ल्याचा काही उपयोग नाही.

हा पिवळा बिल्ला आता गोठ्यागोठ्यांत पोचला आहे. त्यावर १२ अंकी नंबर असतो. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करायची नाही, असा सरकारी नियम आहे. नंबर टाकला की ‘भारत पशुधन’ प्रणालीवर मालक, लसीकरण, रेतनाच्या नोंदी निघतात. लम्पीच्या साथीनंतर अशा नोंदींची किंमत सगळ्यांनाच कळली. पण बिल्ला सांगतो जनावर कोणाचं. ते आत्ता कुठं आहे, हे सांगत नाही.

परदेशात कानात चिपवाला बिल्ला असतो. १३४.२ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या या चिपला बॅटरी नसते. वाचकयंत्र हातभर अंतरावर आणलं, की त्याच्याच ऊर्जेवर ती नंबर सांगते. ऑस्ट्रेलियात २०२५ पासून नव्याने जन्मणाऱ्या मेंढ्या-शेळ्यांनाही ती सक्तीची झाली. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग असाच बिनबॅटरीचा. तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काही मीटरवरून वाचला जातो. दोन्हींची अडचण एकच. जनावर फाटकातून गेलं तरच कळणार, आणि माळाला फाटक नसतं.

म्हणून गळ्यात पट्टा हवा. बिबट्याला तो घालून फार दिवस झाले. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ २९ दिवसांत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला, हे जीपीएस कॉलरमुळेच कळलं. पुढं त्याच्यावर चित्रपटही निघाला. मात्र इथं एक गैरसमज काढायला हवा. उपग्रहाला बकरं दिसत नाही. पट्टा उपग्रहांचे संकेत ऐकून स्वतःची जागा स्वतः काढतो. ती मालकाला कळवायला त्याला वेगळा रेडिओ लागतो, आणि बॅटरी खरी खर्च होते ती या दोन कामांत.

कळवण्यासाठी मोबाइलचं सिम वापरता येतं, पण ते बॅटरी आणि पैसे दोन्ही खातं. दुसरा मार्ग ‘लोरा’चा. फास्टॅगच्याच पट्ट्यात, परवान्याशिवाय, अगदी थोडी माहिती मोकळ्या रानात काही किलोमीटर जाते. कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर एक अँटेना बसवला तर आसपासचा माळ त्याच्या टप्प्यात येईल. जीपीएस टाळून, तीन-चार अँटेनांवर संकेत पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरूनही जागा काढता येते. पण रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. घड्याळ तेवढं चुकलं की बकरं एका प्लॉटवरून दुसऱ्या प्लॉटवर! त्यात पत्र्याच्या शेडवर आपटून आलेली लहर लांबच्या वाटेनं येते आणि जनावर आहे त्याहून दूर दाखवते. भिजलेला ऊसही संकेत गिळतो. माळावर चालणारं यंत्र ऊसपट्ट्यात तपासल्याशिवाय कुणी घेऊ नये.

प्रत्येक बकऱ्याच्या गळ्यात जीपीएस घालणं मला तरी वायफळ वाटतं. कळप एकत्र हिंडतो. म्होरक्यासह चार-पाच जनावरांना पट्टे आणि बाकीच्यांच्या कानात हलके ब्लूटूथ बिल्ले पुरतील. पट्ट्याला जवळचे बिल्ले ऐकू येतात. एखादा बराच वेळ ऐकू आला नाही, की कोण मागं राहिलं ते कळतं. मात्र ही खबर ॲपवर पडून राहिली तर काय कामाची? बकऱ्यांमागं फिरणाऱ्याच्या खिशातला साधा फोन वाजला पाहिजे.

शिवाय कळप एमआयडीसीत बसून राहत नाही. शेतात खतासाठी बकरी बसवत तो या शिवारातून त्या शिवारात जातो, आणि टाकीवरच्या अँटेनाचा टप्पा सुटला की पट्टा मुका होतो. त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यात नवे मनोरे उभारायची गरज नाही. १९६३ पासूनच्या ‘गोकुळ’ला दूध घालणाऱ्या संस्था गावोगाव आहेत. त्यांच्याकडं वीज आहे, छप्पर आहे, आणि सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायला माणूस हजर असतो. अँटेना बंद पडला, तर त्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात येईल.