पानं किती होणार?

घर पुणतांब्याचं, मुलगा पुण्यात नोकरीला, सून ठरली तीही पुण्यातच वाढलेली. अशा घरात सुपारी फुटली की पहिला वाद ठरलेला असतो: कार्य गावात करायचं की पुण्यात? पुण्याचं कार्यालय महाग, गाव स्वस्त, असं एक ढोबळ माप लावलं जातं आणि पुढचे आठ दिवस सगळी चर्चा हॉलच्या भाड्याभोवती फिरत राहते. भाडं हा मोठा आकडा खराच, त्यावर १८ टक्के जीएसटीही आहे. पण भाडं ठरतं ते हॉल केवढा यावरून आणि हॉल केवढा हे ठरतं जेवायला किती माणसं येणार यावरून. लग्नाच्या अंदाजपत्रकाची पहिली ओळ रुपयांची नसावी, पानांची असावी, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. ऐकायला ते सोपं वाटतं. करायला मात्र फार अवघड आहे आणि त्या अवघडपणाचं कारण पुण्याच्या महागाईत सापडत नाही.

आधी साधा हिशेब करून बघू. पुण्यात एक ताट सहाशे रुपयांना पडतं असं धरा. हजार माणसांचं जेवण सहा लाखांना गेलं, तीनशेंचं एक लाख ऐंशी हजारांना. फुलांची सजावट साधी करून, फोटोवाल्याशी घासाघीस करून, पत्रिका स्वस्त कागदावर छापून जेमतेम लाखभर वाचतात आणि त्या प्रत्येक काटकसरीसाठी घरात एकेक रुसवा होतो. तेच लाख रुपये यादीतली पावणेदोनशे नावं कमी केली की वाचतात. शिवाय माणसं कमी झाली की हॉल लहान लागतो, वाढपी कमी लागतात, खोल्या कमी लागतात. गावाहून तीनशे माणसांचं वऱ्हाड न्यायचं तर पन्नास आसनांच्या सहा गाड्या झाल्या आणि पुणं इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन चारशे. केटररच्या करारात आणखी एक मेख असते. ‘किमान इतकी ताटं’ असं त्यात लिहिलेलं असतं. आठशेची हमी दिली आणि सहाशेच माणसं जेवली तरी पैसे आठशेचे. हजार जेवली तर वरच्या दोनशेंचे वेगळे. रात्री उष्टी ताटं मोजताना होणारी हुज्जत कार्यालयातल्या कुठल्याही व्यवस्थापकाला पाठ असते. एवढं असूनही पानांचा आकडा घरात ठरतो सगळ्यात शेवटी, पत्रिका छापायला टाकताना, आणि तोही अंदाजपंचे.

मग गावात कार्य केलं तर? गावातलं लग्न स्वस्त पडायचं, त्याचं कारण जमिनीचा भाव नव्हता. मांडव भावकी घालायची, भांडी देवळातली किंवा गावकीची, भाज्या चिरायला गल्ली बसायची, वाढायला तरुण मंडळी, पाण्याचा टँकर कुणाचा तरी. आचारी तेवढा पैसे घेऊन यायचा. म्हणजे खर्च होतच होता, फक्त तो हातांनी फेडला जायचा: आज तुमच्या मांडवात आमची पोरं वाढतील, उद्या आमच्या मांडवात तुमची. पुण्यात या प्रत्येक हाताला रोज मोजावा लागतो, म्हणून शहर महाग दिसतं. पण आता गावातही वाढायला पोरं मिळत नाहीत, ती पुण्यात असतात. लॉन्स झाले, केटरर आला, मांडव ‘डेकोरेशन’ झाला. शिर्डी इथून जवळ. तिथली हॉटेलं भक्तांच्या गर्दीचा भाव लावून बसलेली आणि त्यांच्या दराची सवय आजूबाजूच्या गावांनाही लागलेली. आता गावाचा म्हणून उरलेला फायदा मुख्यतः गाड्यांच्या भाड्याचा. तोही पुण्याहून मुलीकडचं वऱ्हाड यायचं असेल तर निम्मा होतो. उलट गावात आमंत्रणाला लगाम नसतो. पुण्याला न्यायचं म्हटलं तर माणूस गाडीतल्या जागा मोजतो. गावात मात्र चूल बंद, म्हणजे घरटी सगळ्यांना जेवायला सांगायचं. एका ताटाचा दर निम्मा आणि ताटं तिप्पट झाली, तर गाव पुण्याहून महाग पडलं.

सोन्याचा खर्च पानांवर ठरत नाही, तरी तो बाजूला ठेवता येणार नाही, कारण पानांचा खर्च न झेपण्याचं अर्धं कारण तिथे आहे. पुणतांब्याचं नाव देशभर गेलं ते १ जून २०१७ ला इथून सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे. त्या महिन्यात दहा ग्रॅम सोनं २९ हजारांच्या आसपास होतं आणि २०१७-१८ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान भाव, टनाला २,५५० रुपये होती. म्हणजे एका तोळ्याला साधारण साडेअकरा टन ऊस. एप्रिल २०२५ मध्ये सोन्यानं तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला. २०२५-२६ ची एफआरपी ३,५५० रुपये टन. सोनं लाखावरच थांबलं असं मानलं तरी एका तोळ्याला अठ्ठावीस टन ऊस झाला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा व्हायची ती वेगळीच आणि मधल्या काळात एफआरपीसाठी धरायचा साखर उतारा साडेनऊ टक्क्यांवरून सव्वादहावर गेला, तोही शेतकऱ्याच्या विरुद्धच. संपानंतर २४ जून २०१७ ला जाहीर झालेल्या कर्जमाफीची मर्यादा दीड लाखाची होती. तेव्हा त्या रकमेत पाच तोळे येत होते, लाखाच्या भावानं दीड. शेतकरी आणि शेतमजुरांच्या मुलींच्या सामूहिक किंवा नोंदणीकृत लग्नाला सरकारच्या शुभमंगल योजनेतून मिळणारं अनुदान १० हजारांवरून २५ हजार झालं. वाढ चांगलीच म्हणायची, पण सराफाकडे लाखाच्या भावानंही त्याचे अडीच ग्रॅमच येतात, मजुरी आणि जीएसटी सोडून. एवढं बदलूनही बैठकीत ‘पाच तोळे तर घालावेच लागतील’ हे वाक्य मात्र २०१७ सालचंच राहिलं आहे.

तारखेचाही एक छुपा खर्च असतो आणि तो कुणी मांडत नाही. तुळशीच्या लग्नापासून आषाढी एकादशीपर्यंतच्या काळात मोजके मुहूर्त आणि त्या दिवशी पुण्यातल्या प्रत्येक कार्यालयावर चार-चार घरांची नजर. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात लग्न होत नाही, म्हणून मधली मागणी एप्रिलवर आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यावर येऊन आदळते. कार्यालयाचं भाडं अशा वर्षी पंचांग ठरवतं. चातुर्मासातले काढीव मुहूर्त असतात, पण ‘काय घाई होती?’ हा प्रश्न टाळायला लोक जास्त पैसे मोजतात. हा झाला पुण्याकडचा भाग. शेताकडचा भाग याहून बोचरा आहे. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. ज्याला पैशाची निकड नाही तो चाळीत भरतो आणि भाव बघून काढतो. ज्याच्या घरी वैशाखात लग्न आहे त्याला हॉलचा उरलेला हप्ता, आचाऱ्याची उचल, येवल्याचा बस्ता, सगळं त्याच महिन्यात द्यायचं असतं. तो कांदा चाळीत न भरता थेट बाजार समितीत नेतो, मिळेल त्या भावाला. डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद होती. त्या एप्रिलमध्ये लग्न असलेल्या घराला थांबायची सोयच नव्हती. दर क्विंटलमागे जो भाव गेला, तो लग्नाच्याच खर्चात धरायला हवा. धरला जातो शेतीच्या तोट्यात.

इथे एक जुना आक्षेप हमखास येतो: शेतकरी लग्नात उधळतो म्हणूनच कर्जात बुडतो. हे म्हणणं दीडशे वर्षांचं आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या जळाल्या, उठाव नगर जिल्ह्यात पसरला आणि इंग्रजांनी दख्खनच्या दंग्यांची चौकशी करायला आयोग नेमला. तेव्हाही साहेबांच्या कचेऱ्यांत हाच समज होता की कुणबी लग्नापायी कर्ज काढतो. आयोगाचा निष्कर्ष वेगळा निघाला. लग्नाच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून नको तेवढं महत्त्व दिलं जातं, तो खर्च खात्यात दिसतो पण कर्जाचं मूळ क्वचितच असतो, असं त्या अहवालाचं म्हणणं. ते आजही पटण्यासारखं आहे. ऊस आणि सोनं यांचं वर मांडलेलं गणित कुठल्याही वरातीनं बिघडवलेलं नाही. पण मूळ नसलं तरी ओझं असतंच. आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर शेवटची गोणी कोणती टाकली हेही बघायला हवं, आणि त्या गोणीचं वजन निदान आपल्या हातात असतं.

दुसरा आक्षेप जास्त खमका आहे. लोक म्हणतात, माणसं कमी करून काय मिळवाल? जेवायला आलेला माणूस आहेर करतो, खर्चाचा काही भाग तिथेच वसूल होतो. त्यासाठी आहेराची वही उघडून बघावी. लाल पुठ्ठ्याची, उभ्या रकान्यांची वही. नाव, गाव, रक्कम. काही ठिकाणी ‘साडी’, ‘टॉवेल-टोपी’. वही कपाटात जपून ठेवलेली असते आणि पुढच्या कुणाच्या लग्नाला निघताना बाहेर काढली जाते, आपल्याला किती आलं होतं ते बघायला. म्हणजे आहेर हे उत्पन्न धरता येत नाही. ती बिनव्याजी उसनवारी असते आणि परतफेडीची तारीख सावकार ठरवतो. वीस वर्षांपूर्वी आलेले एकशे एक आज एकशे एक देऊन फिटत नाहीत. शिवाय आहेर करणाऱ्याला ताटाबरोबर मानपानही लागतो, मग वसुली आणखी खाली जाते. आता तर पत्रिकेवरच ‘कृपया आहेर आणू नये’ छापतात. छापणारं घर चांगल्या मनानं छापतं, पण वही मात्र बंद होत नाही. त्यात पैशांच्या जागी हजेरी लिहिली जाते. कोण आलं, कोण आलं नाही, आपण कुणाकडे गेलो होतो. पानांची यादी लांबते ती या हजेरीमुळे. ज्यांच्याकडे आपण जेवलो त्यांना सांगावंच लागतं. म्हणून हजाराची यादी ही एका घराची हौस मानता येत नाही. मागच्या तीस वर्षांत त्या घरानं खाल्लेल्या जेवणांची ती बेरीज असते.

म्हणूनच ‘साधं लग्न करा’ हा उपदेश वाया जातो. एकट्यानं यादी कापली तर तो कंजूष ठरतो आणि वगळलेला माणूस ते मनात ठेवतो. पहिला कापणारा सगळ्यांची किंमत मोजतो. करोनाच्या दोन वर्षांत हे उलट्या बाजूनं दिसलं. २०२० मध्ये पन्नास माणसांची मर्यादा होती. एप्रिल २०२१ मध्ये ती पंचवीसवर आली, दोन तासांत कार्य उरकायचं, मोडलं तर पन्नास हजार दंड. भावकीतल्या भावकीत न बोलावलेले लोक शेकड्यांनी होते, पण कुणी त्याचा राग धरला नाही, कारण नियम सगळ्यांना एकच होता. अपमान बोलावलं नाही याचा नसतोच, दुसऱ्याला बोलावलं आणि मला नाही याचा असतो. २०२५ साली अहिल्यानगरमध्ये मराठा समाजाच्या बैठकीत लग्नाची आचारसंहिता ठरली: दोनशे माणसांत लग्न, प्री-वेडिंग नको, डीजेऐवजी पारंपरिक वाद्यं. त्यावर ‘कोण पाळणार?’ असं म्हणून हसणारे पुष्कळ निघाले. शंका खोटी नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे आणि ज्यांना निवडणूक लढवायची आहे, त्यांची लग्नं दोनशेंत होणार नाहीत आणि त्यांना पाहून बाकीचे ताणतील. पण आचारसंहितेचा उपयोग श्रीमंताला अडवण्यात कमी आहे. ज्याला मनातून यादी कापायची आहे, त्याला सांगायला एक कारण मिळतं: ‘आमचं काही नाही हो, ठरलंय तसं.’ कारण मिळणं हेच निम्मं काम आहे. संपाचा ठराव पुणतांब्यानं ग्रामसभेत केला होता आणि दूध-भाजी शहरात न पाठवण्याचा तोटा प्रत्येकानं एकत्र सोसला होता. एकट्यानं दूध अडवलं असतं तर ते फक्त नासलं असतं. पानांच्या मर्यादेचा ठराव कायद्यानं बांधणार नाही, बांधायची गरजही नाही. गावच्या घरांनी तो एकदा बोलून दाखवला तरी पुण्यात राहणाऱ्या मुलाला होणाऱ्या सासऱ्यांपुढे मांडायला काहीतरी मिळेल.

तोवर एकेका घरानं करायचं ते असं. सुपारीच्या बैठकीत तोळ्यांआधी पानांचा आकडा काढावा, दोन्हीकडचा मिळून एकच. मग तो आकडा विभागून दोन याद्या कराव्यात, यादी करून आकडा काढू नये. गावची माणसं हळदीला गावातच जेवू घालावीत आणि पुण्याला फक्त एका गाडीत मावतील तेवढीच न्यावीत. केटररला किमान ताटांची हमी आपल्या अंदाजाच्या खालची द्यावी, वरची ताटं लागली तर त्यांचे पैसे भरता येतात. तारखेसाठी पंचांगाबरोबर कांद्याची चाळही बघावी. आणि दोन्हीकडच्यांना पटत असेल तर साखरपुड्यातच लग्न उरकावं. वर्तमानपत्रांतून अशा बातम्या अधूनमधून येतात, त्या कौतुकानं वाचल्या जातात आणि त्याच आठवड्यात वाचणाऱ्याच्या घरी हजार पत्रिका छापायला जातात. साखरपुड्याला जमलेली दीडशे माणसं दोन्ही घरांच्या जवळची असतात, भटजी आलेला असतो, जेवण शिजत असतं. उरलेली साडेआठशे माणसं ज्या वहीमुळे यायची असतात, ती वही त्या दिवशी कपाटात असते.