घरोघरीचा वर्ग : किशोर व प्रौढांना ऑनलाइन शिकविण्याची पूर्वतयारी

३० मे २०२५ रोजी, राज्याच्या घटक राज्य दिनी, गोवा हे पूर्ण साक्षर राज्य म्हणून घोषित झाले. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ ते २०२७ या काळाकरिता आखलेल्या ‘उल्लास’ अर्थात नवभारत साक्षरता कार्यक्रमातून ही मजल गाठली गेली. साक्षरतेचे प्रमाण पंचाण्णव टक्क्यांवर गेले की राज्य पूर्ण साक्षर मानावे, असा या कार्यक्रमाचा निकष आहे. घोषणा गौरवाची खरीच. परंतु तिच्याबरोबर एक जबाबदारीही आली आहे. वापर न झालेले अक्षर गंजते. सही करता येणाऱ्या गृहिणीला आपल्या खात्यात गृह आधार योजनेची रक्कम जमा झाल्याचा संदेश वाचण्यासाठी शेजाऱ्याकडे जावे लागत असेल, तर ती साक्षर झाली, स्वावलंबी मात्र झाली नाही.

हे उरलेले अंतर कापण्यासाठी आता मोबाईलचे साधन हाताशी आहे. दिवसभर काजूच्या बागेत, मासळीच्या होडीवर, हॉटेलात वा कारखान्यात राबणाऱ्यांना शाळेच्या वेळा पाळता येत नाहीत. त्यांच्यापर्यंत वर्गच नेता येतो. मात्र केवळ साधन हाती आल्याने शिक्षण होत नाही. पहिल्या पाठापूर्वी शिक्षक जी तयारी करतो, तिच्यावरच या वर्गाचे यश अवलंबून असते. पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांच्या संदर्भात या तयारीचा विचार येथे केला आहे.

पार्श्वभूमी

१९६१ साली गोवा मुक्त झाला, तेव्हा खेड्यापाड्यांतील मोठी लोकसंख्या शाळेपासून दूर होती. १९६३ मध्ये लोकनियुक्त शासन आल्यानंतर गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या आणि उत्तरेकडील या तालुक्यांत मराठी वाचणारी पहिली मोठी पिढी तयार झाली. पुढे साखळीचे शासकीय महाविद्यालय आणि पेडण्यातील विर्नोडा येथील संत सोहिरोबानाथ अंबिये शासकीय महाविद्यालय यांनी उच्च शिक्षण या भागाच्या दारात आणले.

प्रौढांसाठी २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले. त्या काळी कंदील, फळा आणि रात्रवर्ग ही साधने होती. २०१७ साली मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने, २०२४ साली ते समाप्त होईपर्यंत, चौदा ते साठ वयोगटातील व्यक्तींना वीस तासांत मोबाईल व संगणकाचा प्राथमिक वापर शिकविला. काळाबरोबर साधने बदलत गेली. शिकणाऱ्याची अडचण समजून घेण्याची गरज मात्र कायम राहिली.

२०२० चा धडा

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि कोणतीही पूर्वतयारी नसताना अध्यापन मोबाईलवर आले. शिक्षकांनी त्या वेळी केलेले परिश्रम विसरता येणार नाहीत. तथापि त्यातून उणिवाही दिसल्या. राज्याच्या डोंगराळ भागातील मुलांना नेटवर्कसाठी टेकडी गाठावी लागली. एका घरात एकच फोन, तोही कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात, अशी परिस्थिती अनेक ठिकाणी होती. वर्गातला तासाभराचा पाठ तसाच पडद्यावर आणल्याने मुले कंटाळली आणि महिन्याचा डेटा आठवड्यात संपला. या सर्व अडचणी आधी विचारल्या असत्या तर कळल्या असत्या. विचारण्यास त्या वेळी सवड नव्हती. आज ती आहे.

आधी शिकणाऱ्याची ओळख

म्हणून पूर्वतयारीची पहिली पायरी म्हणजे प्रत्येक शिकणाऱ्याच्या घरी जाऊन केलेली विचारपूस. फोन कोणाचा आहे, तो घरात कोणत्या वेळी असतो, नेटवर्क अंगणात मिळते की केवळ रस्त्यावर, रिचार्जचा खर्च कोण करते, डोळ्यांना चष्मा लागतो काय, आणि मुख्य म्हणजे शिकावयाचे आहे ते कशासाठी, एवढे प्रश्न पुरेसे आहेत.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. डिचोली तालुक्यात २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकवर वा खाणीवर काम करणाऱ्या अनेकांना वेगळा व्यवसाय शोधावा लागला. पेडण्यात मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाल्यावर तरुणांपुढे नव्या नोकऱ्यांची, आणि त्यांसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रांची, गरज उभी राहिली. अर्धवट शाळा सुटलेल्या किशोराला दहावी व्हावयाचे असते. त्याच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट खुली आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला गिऱ्हाइकाने खरोखर पैसे भरले की नाही, हे स्वतः पाहावयाचे असते. प्रत्येकाची गरज वेगळी आहे, आणि पहिला पाठ त्या गरजेपासून सुरू झाला तरच दुसऱ्या पाठाला विद्यार्थी हजर राहतो.

पहिली भेट समोरासमोर

ऑनलाइन वर्गाची सुरुवात ऑनलाइन होऊ नये. शाळेत, पंचायतीच्या सभागृहात किंवा देवळाच्या मंडपात दोन-तीन बैठका घ्याव्यात. फोनचा आवाज वाढविणे, ध्वनिसंदेश ऐकणे व पाठविणे, छायाचित्र काढून धाडणे या तीन गोष्टी तेथे प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने करवून घ्याव्यात. नातवाने फोन हातातून घेऊन आजीचे काम उरकले, तर काम होते, शिक्षण होत नाही. नातवाने शेजारी बसून सांगावे आणि आजीने करावे, हा नियम घरच्यांना पहिल्याच बैठकीत समजावून देणे अगत्याचे आहे.

पाठाची बांधणी

दमूनभागून आलेल्या माणसाचे लक्ष पडद्यावर फार काळ टिकत नाही. त्यामुळे पाठ पंधरा ते वीस मिनिटांचा असावा आणि त्यात एकच गोष्ट शिकवावी. पाच मिनिटांच्या ध्वनिसंदेशाला साधारण एक मेगाबाइटच्या आसपास डेटा लागतो, तर तासाभराच्या दृश्य वर्गाला काही शे मेगाबाइट लागतात. ज्या घरी रिचार्जचा प्रत्येक रुपया मोजला जातो, तेथे ध्वनिसंदेश, एक स्वच्छ छायाचित्र आणि दुसऱ्या दिवशी एक लहानसा दूरध्वनी एवढ्यानेच काम भागते. प्रत्यक्ष दृश्य वर्ग आठवड्यातून एकदा पुरे.

उदाहरणादाखल बँकेच्या संदेशाचा पाठ घ्यावा. संदेश बहुधा इंग्रजीत येतो. परंतु त्यातील रक्कम व तारीख अंकांत असते. म्हणून देवनागरी अंकांबरोबर आंतरराष्ट्रीय अंकही शिकवावेत. पहिल्या दिवशी केवळ रक्कम ओळखावी, दुसऱ्या दिवशी तारीख, तिसऱ्या दिवशी पैसे आले की गेले हे दर्शविणारा शब्द. चौथ्या दिवशी शिकणाऱ्याने स्वतःच्या संदेशातील रक्कम मनाशी वाचावी आणि घरच्या माणसाकडून ताळा करून घ्यावा. खात्याचा तपशील समूहावर टाकण्यास मात्र कोणालाही सांगू नये.

याच पाठाला सावधगिरीची जोड द्यावी. पैसे मिळविण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ओटीपी कोणी मागितला तरी सांगावयाचा नाही. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावयाचे. एवढी चार वाक्ये पाठ झाली तरी एखाद्या कुटुंबाची वर्षाची पुंजी वाचू शकते.

भाषेचाही विचार हवा. या तालुक्यांतील घरांत कोकणी बोलली जाते आणि अनेक जण मराठीत लिहितात-वाचतात. समजावून सांगताना शिक्षकाने गावची बोली वापरावी आणि लेखन मराठीत करावे. घरच्या शब्दापासून पुस्तकी शब्दापर्यंत नेले, तर प्रौढाला आपण अडाणी असल्याची भावना होत नाही.

हाताला वळण

पडद्यावर बोट फिरविल्याने लिहिता येत नाही, ही गोष्ट नजरेआड होता कामा नये. ‘उल्लास’ कार्यक्रमातील पायाभूत साक्षरता व अंकज्ञान चाचणी १५० गुणांची असून वाचन, लेखन व अंकज्ञान या प्रत्येक भागाला ५० गुण आहेत. ती प्रत्यक्ष केंद्रावर कागदावर लिहावयाची असते. तेव्हा प्रत्येक पाठाबरोबर वहीत पाच ओळी लिहून तिचे छायाचित्र शिक्षकाला पाठविण्याची सवय लावावी. चूक दिसल्यास ती त्या व्यक्तीलाच कळवावी. सर्वांच्या देखत समूहावर दाखवू नये. मुलाच्या वयाच्या शिक्षकाने चारचौघांत चूक काढली, तर प्रौढ मनुष्य काही न बोलता वर्ग सोडून जातो.

किशोरांची वेगळी काळजी

किशोरवयीन व प्रौढ यांचे समूह वेगवेगळे असावेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. म्हणून पालकांची लेखी संमती आधीच घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅप समूहात प्रत्येकाचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो. मुलींच्या बाबतीत पालकांचा क्रमांक द्यावा किंवा केवळ शिक्षकच संदेश धाडू शकेल अशी यादी करावी. वर्गात दुसरी एखादी जबाबदार व्यक्ती, शक्यतो शिक्षिका, उपस्थित असावी. रात्री उशिरा व्यक्तिगत संदेश पाठविण्याची प्रथा पडू देऊ नये. ज्या घराला या व्यवस्थेची खात्री पटते, त्या घरातील मुलीच्या हाती फोन दिला जातो. एरवी तिचाच वर्ग सर्वांत आधी बंद होतो.

ऋतू आणि वेळापत्रक

गोव्याचे वेळापत्रक पावसावर, पिकांवर आणि सणांवर चालते. फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम. त्या काळात बागेतून परतलेल्या माणसाला संध्याकाळी उसंत नसते. किनाऱ्यावर हरमल-मोरजीकडे ऑक्टोबरपासून पर्यटकांची वर्दळ वाढते. पावसाळ्यात वीज जाते आणि नेटवर्कही जाते. शिगमो आणि चवथ यांच्या दिवसांत वर्ग भरत नाही, भरवूही नये. हे सारे धरून वर्षाची आखणी करावी. नेटवर्क जाईल असे गृहीत धरून आठवड्याचे पाठ रविवारी एकदाच उतरवून घ्यावेत, आणि पाठाची एक छापील प्रत शाळेत वा पंचायतीत ठेवावी. ज्याच्याकडे फोन नाही, त्याचा पाठ चुकता कामा नये.

सर्वांचा हातभार

हे काम एकट्या शिक्षकाचे नाही. पंचायतींनी आपल्या कार्यालयातील इंटरनेट जोडणी व सभागृह आठवड्यातून दोन संध्याकाळी उपलब्ध करून द्यावे. गावाशी परिचित असलेल्या स्वयंपूर्ण मित्रांनी शिकू इच्छिणाऱ्यांची नावे शिक्षकांपर्यंत पोहोचवावीत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्या वाड्यावरील दोघा-तिघांचे पालकत्व घ्यावे. अधिकाऱ्यांनी किती जणांची नोंद झाली एवढेच न पाहता, तीन महिन्यांनी त्यांतील किती जण टिकले व ते स्वतः काय करू लागले, याची विचारपूस करावी.

इब्रामपूरची एखादी आजी वा साळ गावचा एखादा ट्रकचालक दुसऱ्याच्या हाती फोन न देता स्वतःचा संदेश स्वतः वाचेल, तेव्हाच ३० मे २०२५ च्या घोषणेला पूर्ण अर्थ येईल. त्या क्षणाची तयारी पडद्यावर होत नाही. ती शिक्षकाने शिकणाऱ्याच्या ओसरीवर बसून केलेल्या पहिल्या विचारपुशीपासून सुरू होते.