फितीवरून पुसलं, कागदावर उरलं

'डॉक्टर हू वीकली'च्या पहिल्या अंकावर तारीख आहे १७ ऑक्टोबर १९७९, किंमत १२ पेन्स. अंकासोबत ट्रान्सफर फुकट. पातळ पारदर्शक कागदावरची ही छोटी रंगीत चित्रं. पानावर ठेवून पेन्सिलीने वरून घासायची, कागद अलगद उचलायचा, की चित्र खाली उमटलेलं. मुलांनी ती घासली, मनसोक्त घासली. म्हणूनच ज्या अंकात ट्रान्सफर अजून जशीच्या तशी आहेत, त्याला आज संग्राहक जास्त पैसे मोजतात.

'डॉक्टर हू' ही टीव्ही मालिका त्याआधी सोळा वर्षं चालू होती. २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर तिचा पहिला भाग लागला. तो दिग्दर्शित केला होता लखनौला जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी. निळ्या पोलीस बॉक्समधून काळात भटकणारा परग्रहवासी डॉक्टर ब्रिटनच्या पोरांना तोंडपाठ झाला होता. मार्व्हल या कॉमिक्स कंपनीच्या ब्रिटिश शाखेत संपादक डेझ स्किन यांनी हे साप्ताहिक काढलं आणि चित्रकथा दिली डेव्ह गिबन्स यांच्या हातात. ॲलन मूर यांच्या सुरुवातीच्या काही कथाही इथेच छापून आल्या. पुढे गिबन्स आणि मूर याच दोघांनी 'वॉचमेन' ही चित्रकादंबरी केली. पोरांसाठी काढलेल्या अंकात इतक्या ताकदीची माणसं राबली, हे मला फार मोलाचं वाटतं. १९८० मध्ये साप्ताहिकाचं मासिक झालं.

पण या मासिकाचं खरं काम वेगळंच आहे. व्हिडिओ टेप महाग होती, जुने भाग पुन्हा दाखवण्यावर कलाकारांच्या करारांची बंधनं होती, आणि रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल भाग कोण विकत घेणार? म्हणून बीबीसीने टेपा पुसून पुन्हा वापरल्या, फिल्मच्या प्रतीही टाकून दिल्या. साठच्या दशकातले जवळपास शंभर भाग असे गेले. आवाज तेवढा वाचला, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीजवळ मायक्रोफोन धरून तो टेप करून ठेवला होता.

आणि चित्रं? जॉन क्युरा नावाच्या छायाचित्रकाराचा धंदाच असा होता, की कार्यक्रम चालू असताना टीव्हीच्या पडद्याचेच फोटो काढायचे आणि ते निर्मात्यांना, कलाकारांना विकायचे. एका भागाचे साठ-सत्तर फोटो. त्यांना 'टेलिस्नॅप' म्हणत. बीबीसीच्या कागदपत्रांत ते पडून होते. नव्वदच्या दशकात मासिकाने ते ओळीने छापायला घेतले: पानावर बोटभर चौकटी, कडा किंचित धुरकट, पडद्याचा फुगीरपणा तसाच, आणि शेजारी कथानक. १९६६ ची 'द पॉवर ऑफ द डॅलेक्स' ही सहा भागांची कथा घ्या. पॅट्रिक ट्राउटन यांची डॉक्टर म्हणून ही पहिलीच कथा, आणि तिचा एकही भाग शिल्लक नाही. वाचक पान उघडून बसतो, बाजूला आवाजाची टेप लावतो आणि एका चौकटीवरून दुसरीवर नजर सरकवत हरवलेला भाग 'पाहतो'. मासिकाने प्रेक्षकाची याहून मोठी सेवा केल्याचं दुसरं उदाहरण मला सुचत नाही.

डिसेंबर १९८९ मध्ये मालिका थांबली. मग २००५ पर्यंत, मधला १९९६ चा एक टीव्ही-चित्रपट सोडला, तर पडद्यावर नवं जवळपास काहीच नाही. मासिक मात्र निघत राहिलं. या काळात ते मार्व्हलकडून पानिनी या प्रकाशनसंस्थेकडे गेलं. चित्रकथांमधून डॉक्टरचे नवे प्रवास सुरूच होते. ज्या मालिकेच्या जिवावर अंक निघाला, तीच नसताना तो पंधरा वर्षांहून जास्त काळ चालला, याचं श्रेय वाचकांना आणि संपादकांना सारखंच द्यायला हवं.

असल्या अंकांचं महत्त्व पोरांना मोठ्यांच्या आधी कळतं. १९७३ मध्ये मालिकेला दहा वर्षं झाली, तेव्हा 'रेडिओ टाइम्स' या बीबीसीच्या साप्ताहिकाने खास अंक काढला होता. त्याचं कौतुक करणारं एका पंधरा वर्षांच्या ग्लासगोच्या मुलाचं पत्र पुढे त्याच साप्ताहिकात छापून आलं. त्या मुलाचं नाव पीटर कपाल्डी. २०१३ मध्ये तो स्वतःच पडद्यावरचा डॉक्टर झाला.

'डॉक्टर हू मॅगझिन' आज वर्षाला तेरा अंक काढतं. २०२४ मध्ये त्याचा ६०० वा अंक निघाला. तुमच्याही माळ्यावर एखाद्या मालिकेचे जुने अंक असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा, आणि आतली फुकट चित्रं फाडू नका.