तारकांमधली नावे

मजकूर किंवा प्रोग्राम लिहिण्यासाठी जे टेक्स्ट एडिटर वापरले जातात, त्यांतील अनेकांत माहितीपुस्तिका अंतर्भूतच असते, आणि तिच्यात हवे ते किती लवकर सापडेल हे संगणकाच्या ताकदीपेक्षा पुस्तिका लिहिणाऱ्याने आधी केलेल्या कष्टांवर अधिक अवलंबून असते. ब्राम मोलेनार या डच प्रोग्रामरने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘विम’ हा एडिटर याचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या पुस्तिकेत प्रत्येक आज्ञेच्या वर्णनापाशी दोन तारकांच्या मध्ये तिचे नाव छापलेले असते. या नावाला ‘टॅग’ म्हणतात. सर्व टॅग वेचून वर्णानुक्रमे एक वेगळी फाइल तयार केली जाते, जिच्या प्रत्येक ओळीत टॅग, तो ज्या फाइलमध्ये आहे तिचे नाव आणि तेथे पोहोचण्याची शोधखूण एवढेच असते. ‘हेल्प’ ही आज्ञा मिळताच विम पुस्तिकेचा मजकूर न वाचता ही यादीच चाळतो, म्हणून उत्तर क्षणार्धात येते. ‘हेल्पग्रेप’ मात्र प्रत्येक मदत-फाइलची ओळ न् ओळ तपासते आणि त्यामुळे साहजिकच रेंगाळते.

खरी कसोटी नावे देण्यात आहे. विममध्ये कंट्रोल व डब्ल्यू या कळांनी एरवी खिडक्या हाताळण्याच्या आज्ञा सुरू होतात, तर मजकूर टंकित होत असताना त्याच कळांनी कर्सरआधीचा शब्द पुसला जातो. म्हणून दुसऱ्या अर्थाच्या टॅगआधी ‘आय’ हे अक्षर व अधोरेषा जोडलेली असते. एकाच शब्दाला अनेक टॅग जुळले, तर अक्षरांचा लहानमोठेपणा तंतोतंत जुळणारा किंवा नावाच्या आरंभाशी जुळणारा टॅग सरस मानला जातो. बाहेरून आणलेल्या प्लगइनची पुस्तिका जोडूनही टॅगची यादी बनवणारी ‘हेल्पटॅग्ज’ ही आज्ञा चालवायची राहिली, तर ती समोर असूनही विम ई१४९ क्रमांकाची त्रुटी दाखवून दिलगिरी व्यक्त करतो. यंत्राच्या दृष्टीने, जे यादीत नाही ते पुस्तिकेतही नाही!

रिचर्ड स्टॉलमन यांच्या ‘जीएनयू ईमॅक्स’मध्येही असाच भेद आढळतो: ‘अप्रोपॉस’ फक्त नावे तपासते, तर वर्णनांत शोधणारी तिची भावंड-आज्ञा अधिक वेळ घेते. तरीही नवख्या वापरकर्त्याला या संथ आज्ञेवाचून गत्यंतर नसते, कारण आज्ञेचे नाव ठाऊक असणे ही वेगवान शोधाची पूर्वअट त्याला अद्याप पुरी करता येत नाही.