झुलू योद्धा, शोना दगड

हिरवट-काळ्या दगडात कोरलेला आफ्रिकी योद्धा, अंगाशी धरलेली लांबट ढाल, घोटून आणलेली चकाकी. अशा शिल्पांची छायाचित्रं मी कित्येक वर्षं जमवतो आहे. त्यांच्याखाली छापलेलं ‘झुलू-शोना वारसा’ हे जोडनाव मात्र मला कायम खटकत आलं आहे.

झुलूंचं कसब मणिकामात, मडक्यांत, लाकडी उशांत आणि गाईच्या कातड्याच्या ढालींत दिसतं. पाषाणशिल्प ही त्यांची परंपरा नव्हे. झिंबाब्वेतल्या शोनांना ती ढाल दिसली ती हल्लेखोराच्या हातात. झुलू राजा शाकापासून फुटून उत्तरेला आलेला म्झिलिकाझी १८४०च्या सुमारास आजच्या झिंबाब्वेच्या नैर्ऋत्येला स्थिरावला आणि त्याच्या न्देबेले पथकांनी शोना गावांवर धाडी घातल्या. हा सगळा इतिहास एका जोडरेघेत बुजून जातो.

‘शोना शिल्प’ हे नावही निखळ नाही. ग्रेट झिंबाब्वे या जुन्या नगराच्या अवशेषांतले दगडी पक्षी सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यांच्यात आणि आजच्या शिल्पांत काही शतकांची पोकळी आहे. आजची चळवळ उभी राहिली १९५७ नंतर. पॅरिसमध्ये ब्रिटिश कौन्सिलचं काम केलेले, पिकासोच्या वर्तुळात वावरलेले फ्रँक मॅकइवन सॅलिसबरीच्या (आजचं हरारे) नव्या राष्ट्रीय कलादालनाचे संचालक झाले. दालनातल्या पहारेकऱ्यांच्या हाती त्यांनी रंग दिले. न्यांगा भागात शेतीखात्यात नोकरी करणारे जोराम मारिगा हिरवा मऊ दगड कोरत होते. त्यांनाही मॅकइवननी प्रोत्साहन दिलं. ही कला शोनांच्या पूर्वजश्रद्धेतून उमलते, असं ते जगाला सांगत राहिले. १९७१ मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात प्रदर्शनही झालं.

खरा पेच पडला तेंगेनेंगे या शेतावर. १९६५ नंतर ऱ्होडेशियावर (आजचा झिंबाब्वे) आर्थिक निर्बंध आले, तंबाखूचा बाजार बसला. गुरुवेजवळचे तंबाखूवाले शेतकरी टॉम ब्लोमफील्ड यांच्या या शेतजमिनीत सर्पेंटाइनचा कठीण दगड होता. १९६६ पासून त्यांनी मजुरांना छिन्नी-हातोडे दिले. ज्याला कोरायचं त्यानं कोरावं, एवढाच नियम. कोरलेला दगड पाणी टाकत पॉलिश-कागदानं घासायचा, आगीवर तापवायचा आणि गरम असतानाच त्यावर मेण चढवायचं, की आतला काळा रंग वर येतो. हे मजूर सगळे शोना नव्हते. माकिना कामेया अंगोलाचे, अमाली मालोला मलावीचे याओ. मुखवटे आणि दीक्षाविधी त्यांच्या रक्तात होते.

मॅकइवननी आधी ही शिल्पं मांडली आणि मग संबंध तोडले. ‘विमानतळी कला’ हा त्यांचा आवडता हेटाळणीचा शब्द. घाऊक माल नको, ही त्यांची धास्ती रास्त होती. पण कोण अस्सल हे एका संचालकानं ठरवावं, हे मला पटत नाही. या भांडणात मी ब्लोमफील्डच्या बाजूचा आहे.

बर्नार्ड मातेमेरा तेंगेनेंगेला आले ते ट्रॅक्टर चालवायला. त्यांनी घडवलेली माणसं पाहा: फुगीर, अवजड देह, हातापायांना तीन-तीनच बोटं. कुठल्याही संग्रहालयात ती दुरून ओळखू येतात. त्याच मातेमेरांना १९८६ साली आपल्या दिल्लीत, ललित कला अकादमीच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात पुरस्कार मिळाला. असा योद्धा विकत घेणार असाल, तर जमातीचं नाव राहू द्या. तो कोरणाऱ्याचं नाव विचारा.